शिकारी रायफल नेमकी कोणी निवडली? ठाणे-कल्याणच्या रानातला एक टाळलेला प्रश्न

१/ जुन्या शिकारी रायफलींची छायाचित्रे समाजमाध्यमांवर सध्या पुन्हा फिरू लागली आहेत. अक्रोडाचा दस्ता, नक्षीदार पोलाद, दोन जाड नळ्या आणि खाली ठरलेली प्रशंसा: काय ती पारख, काय तो लांब पल्ल्याचा नेम! शिकाऱ्याने आपल्या रायफलीचा एकेक भाग रसिकतेने निवडला, असे या प्रशंसेत गृहीत धरलेले असते. हा धागा त्या गृहीतकाविरुद्ध आहे.

२/ हिंदुस्थानात वापरायच्या रायफलीचा बोर सरकारी हुकमाने ठरत होता, दारूचे माप येथील उन्हाळ्याने आणि पल्ला येथील रानाने. रायफल मुळात हाती घेता येईल की नाही, हे तर पुष्कळदा कातडीच्या रंगाने ठरत होते. शिकाऱ्याच्या वाट्याला राहत होती ती दस्त्याची लांबी आणि नक्षी. ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात हे चित्र लख्ख दिसते, कारण मुंबईचा गोरा अंमलदार, जव्हारचा संस्थानिक आणि भात राखणारा शेतकरी या तिघांचाही त्या एकाच रानाशी संबंध होता.

३/ जुना ठाणे जिल्हा म्हणजे आजचे ठाणे आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झालेला पालघर. कल्याणच्या पूर्वेला मुरबाड, ईशान्येला शहापूर व माहुली, दक्षिणेला मलंगगडाचे डोंगर. साग, ऐन, बांबू आणि पावसाळ्यानंतर पुरुषभर उंचीचे गवत. एकोणिसाव्या शतकात या रानांत वाघ होता आणि बिबट्या तर आजही येऊरला आहे. वारली लोक वाघोबाची लाकडी व दगडी प्रतीके पुजत आले, ती या सहवासातूनच.

४/ अशा रानात लांब पल्ला कशाला हवा? साठ-सत्तर पावलांपलीकडे जिथे झाडोऱ्यामुळे काही दिसतच नाही, तिथे तीनशे यार्डांचा नेम ही निव्वळ बढाई ठरते. वाघाची शिकार मचाणावरून, संधिप्रकाशात, हाकाऱ्यांनी रेटत आणलेल्या किंवा मारलेल्या जनावरावर परतलेल्या वाघावर होत असे. अंतर बहुधा तीस-चाळीस पावले. लांब पल्ल्याची निकड स्कॉटलंडच्या उघड्या टेकड्यांवर, आफ्रिकेच्या माळावर किंवा हिमालयाच्या कड्यांवर होती. ती कल्पना ठाण्याच्या रानावर मागाहून चिकटवली गेली.

५/ यासाठी कुमाऊंचे एक उदाहरण पुरेसे आहे. ४३६ माणसे मारल्याची नोंद असलेली चंपावतची वाघीण जिम कॉर्बेटने १९०७ साली मारली. त्याच्या रायफलीची काडतुसे ऐन वेळी संपली आणि अखेरची गोळी झाडली गेली ती तहसीलदाराकडून घेतलेल्या जुन्या बंदुकीतून, अगदी जवळून. त्यानंतर संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नराने त्याला रिग्बीची ०.२७५ बोरची देखणी रायफल भेट दिली. आज प्रसिद्ध आहे ती भेट मिळालेली रायफल. त्या जुन्या बंदुकीचे चित्र कोणी लावत नाही.

६/ आता ‘एक्सप्रेस’ या शब्दाकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. लंडनच्या जेम्स पर्डीने १८५६ साली आपल्या रायफलीला ‘एक्सप्रेस ट्रेन’ असे नाव दिले. वेगाचे वेड दोन्हीकडे एकच होते. हलकी गोळी आणि दारू मात्र भरपूर; त्यामुळे गोळीचा मार्ग सपाट राहतो आणि सुमारे दीडशे यार्डांपर्यंत नेमाची पट्टी खालीवर करावी लागत नाही.

७/ या सोयीची किंमत जनावराने मोजली. एक्सप्रेसची गोळी हलकी व्हावी म्हणून तिचे टोक पोकळ करत. हरणावर ती प्रभावी ठरे. जाड कातडीच्या आणि भरीव स्नायूंच्या जनावरावर ती पृष्ठभागाशीच फुटे आणि जखमी जनावर रानात निघून जाई. सॅम्युएल बेकरसारख्या मुरलेल्या शिकाऱ्याने याच कारणासाठी पोकळ गोळीवर कडक टीका केली आणि भरीव शिशाचा आग्रह धरला. जखमी वाघाच्या मागावर पुढे कोण चालत असे, हे त्या काळच्या छायाचित्रांच्या कडेला उभ्या असलेल्या अनवाणी माणसांकडे पाहिले की कळते. त्यांची नावे चित्राखाली नसतात.

८/ मग कॉर्डाइट आले. रिग्बीने १८९८ साली ०.४५० नायट्रो एक्सप्रेस बाजारात आणली: ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. धूर जवळजवळ नाही आणि ताकद अफाट. परंतु कॉर्डाइटला ऊन सोसत नाही. काडतूस तापले की आतला दाब वाढतो. पितळी कोश फुगून खोबणीत घट्ट बसतो आणि दुसरी गोळी हवी त्या क्षणी बाहेर येत नाही. म्हणून इंग्लंडचे कारखानदार उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे भरत आणि कोश लांब, निमुळता ठेवत, म्हणजे दाब कमी राहील आणि कोश सहज सुटेल.

९/ येथेच ‘निवड’ किती आखडलेली होती ते कळते. जोडनळी रायफलीच्या दोन नळ्या किंचित कलत्या जोडलेल्या असतात. कारागीर गोळ्या झाडून पाहतो, डाख वितळवून नळ्या जराशा हलवतो, पुन्हा झाडतो; ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या एका जागी लागेपर्यंत हे चालते. हे जुळवणे एका विशिष्ट काडतुसापुरतेच खरे असते. काडतूस बदलले की दोन नळ्यांचे दोन नेम होतात. म्हणजे दारूचे माप उन्हाळ्याने बदलले की नळ्यांची जोडणीही उन्हाळ्यासाठीच करावी लागे.

१०/ कोकणच्या पावसाचा हिशेब वेगळाच. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतील रसायनातून नळीत मिठासारखे क्षार उरत, ते हवेतील ओल शोषत आणि एका रात्रीत आतल्या मळसूत्री खाचांवर गंज धरे. उपाय एकच, उकळते पाणी ओतून नळी धुणे. दस्त्याचे लाकूडही ओलीने फुगते, नळीवर दाब देते आणि नेम सरकतो. हजारो रुपयांची रायफल आषाढात कल्याणला राखायची तर त्यासाठी एक नोकर हवाच. अभिजात कारागिरीच्या गौरवात या नोकराला जागा मिळालेली नाही.

११/ बोरचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ०.४५० च्याच मापाची होती. शिकारीच्या काडतुसांतील गोळ्या काढून बंडखोर त्या मार्टिनीत वापरतील, या भयाने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ०.४५० बोरची आयात बंद झाली. लंडनच्या दुकानदारांची सर्वांत खपणारी रायफल एका हुकमाने निरुपयोगी झाली. लगोलग हॉलंड अँड हॉलंडने ०.४६५ आणली, जोसेफ लँगची ०.४७० पुढे आली, ०.४७५ च्या जाती निघाल्या. आफ्रिकेतील हत्तींवर आजही वाखाणली जाणारी ०.४७० अशी हिंदुस्थानातील बंडाच्या भीतीमुळे रूढ झाली.

१२/ यावर रायफलप्रेमींचे उत्तर ठरलेले असते: बंदी आली म्हणून तर नवी, उत्तम काडतुसे निघाली! ०.४७० उत्तम आहे, यात वादच नाही. परंतु ०.४५० सुद्धा उत्तमच होती. दोघींच्या कामगिरीत वाघाला जाणवेल असा फरक नव्हता. बदल झाला तो केवळ बंडखोराच्या हातातील रायफल उपाशी राहावी म्हणून. त्याला प्रगती म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

१३/ लष्कराची ०.३०३ हीदेखील खासगी माणसाला मना होती. मग बर्मिंगहॅमच्या बीएसएने त्याच ली बनावटीच्या रायफली ऑस्ट्रियन मॅनलिखरच्या ८ मिलिमीटर काडतुसासाठी बनवून येथे पाठवल्या. हेच ते ‘तीनशे पंधरा’. स्वातंत्र्यानंतरही इशापूरच्या सरकारी कारखान्यातून परवानाधारकासाठी ०.३१५ रायफल निघत राहिली. साम्राज्य गेले, सम्राटाच्या धास्तीने ठरलेला बोर मात्र राहिला.

१४/ बोरच्या आधी येतो तो हक्काचा प्रश्न. लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपियनांना नियमांनी सूट दिली. संस्थानिकही सुटले. राष्ट्रीय सभेच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, मुंबईच्या बद्रुद्दीन तय्यबजींच्या अध्यक्षतेखाली, या कायद्याविरुद्ध ठराव झाला. मागणी शिकारीच्या हौसेची नव्हती. स्वतःच्या देशात संशयित म्हणून जगण्याविरुद्धची ती तक्रार होती.

१५/ कल्याण-मुरबाडच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ कार्तिकात कळे. पिकलेल्या भातात रात्री रानडुकरांचा कळप उतरला की एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. त्याच्यापाशी असलीच तर ठासणीची बंदूक: तोंडातून दारू, चिंधी आणि छरे ठासायचे, एक बार काढायचा आणि पुन्हा ठासायला लागायचे. तीही परवान्यावर. शिवाय रान राखीव झाल्याने कुंपणाला काटक्या आणि राबासाठी फांद्या आणणेही जंगलखात्याच्या मर्जीवर गेले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील हा असंतोष एवढा वाढला की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्याचे जंगल कमिशन नेमावे लागले.

१६/ त्याच जिल्ह्याला लागून जव्हारचे मुकणे संस्थान होते. तेथील राजाला कोणत्याही परवान्याची गरज नव्हती. मुंबईच्या काळाघोड्यावरच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून साहेबाला बंदूक, काडतुसे आणि तंबू एकाच छपराखाली मिळत. रान एक आणि डुकरे तीच, पण हत्यार कोणते मिळणार हे माणसाच्या जन्मावर अवलंबून होते. भागांच्या निवडीवर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी हा भाग मोजलेला नाही.

१७/ प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर परवाने सैल झाले आणि वन्यजीवांचा संहार वाढला, थांबला नाही. त्याला लंडनची जोडनळी जबाबदार नव्हती. जबाबदार होती ती जीप आणि नळीला बांधलेली साधी विजेरी. झोतात डोळे चमकले की बार! शिकारीच्या साऱ्या इतिहासात सर्वाधिक जीव घेणारा ‘सुटा भाग’ कोणता, असे विचारले तर उत्तर ही काही रुपयांची विजेरी हेच द्यावे लागेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्या अनुभवातून आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली वाटही बंद झाली. ते योग्यच झाले.

१८/ तरीही जुनी रचना सरकारी कागदात जिवंत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे १३ वे कलम पाहावे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक हवी तर तिची नळी किमान २० इंचांची असली पाहिजे. पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याला ठासणीची बंदूक. ती अपुरी आहे असे अधिकाऱ्याला पटले, तरच दुसरी. एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्याच्या हातातले हत्यार स्वतंत्र देशाच्या संसदेने कायद्यात नाव घेऊन कायम केले. नळीची लांबी आणि बार भरण्याची पद्धत दोन्ही कलमातच ठरलेल्या.

१९/ कल्याणहून लोकलने थोड्याच वेळात अंबरनाथ येते. तेथील आयुध निर्माणीत काडतुसांच्या कोशांसाठी लागणारे पितळ घडवले जात आले आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती यंत्र इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. लष्करी बोरची काडतुसे सामान्य परवानाधारकासाठी आजही निषिद्ध आहेत. डोंबिवलीतील एखाद्या हौशी तरुणाने परदेशी नळी, परदेशी चाप आणि दुर्बीण यांची कितीही देखणी यादी केली, तरी तिची सुरुवात ठाणे पोलीस आयुक्तालयातील अर्जाने होते. आणि त्या अर्जात बोरचा रकाना भरण्याआधी कोणते बोर वर्ज्य आहेत ते पाहावे लागते.