मालमोटारीचें चक्र आणि करारपत्र

पदवी मिळाली म्हणजे विद्या पुरी झाली, ही समजूत सुशिक्षित घरांतून अद्यापि गेलेली नाहीं. गारगोटीस तरी ती टिकूं नये. वेदगंगेच्या खोऱ्यांतील या गांवीं डॉ. जे. पी. नाईक यांनीं मौनी विद्यापीठ उभारलें, तें शिक्षणाची सांगड खेड्यांतील जीवनाशीं घालण्याकरितांच. तेव्हां तेथील एखाद्या मुलानें मालमोटार चालविण्याचा धंदा पत्करावयाचें ठरविलें, तर वडील मंडळींनीं कपाळास आंठ्या घालण्यापूर्वीं त्या धंद्याची वाट कशी आहे हें पाहावें.

जुनी वाट क्लीनरची. वर्षानुवर्षें गाडी धुवावी, टायर बदलावे, उस्तादाचीं बोलणीं खावीं, आणि त्याची मर्जी लागली तर रिकाम्या रस्त्यावर चक्र हातीं घ्यावें. हात तयार होई. नियम व यंत्र यांचें ज्ञान मात्र नशिबावर राही. आतां कांहीं वाहतूक कंपन्या होतकरू तरुणांस निवडून स्वखर्चानें शिकवितात. निवड आधीं व शिक्षण मागाहून, ही पद्धत एस. टी. महामंडळानें २०१९ सालीं स्त्री-चालकांकरितांही अवलंबिली. २०२३ सालीं त्यांच्यापैकीं पहिल्या स्त्रिया प्रवाशांची बस चालवूं लागल्या.

परंतु पहिली पायरी ज्याची त्यानेंच चढावयाची असते. अठरा वर्षें पुरीं होतांच हलक्या मोटारीचा परवाना काढावा. तो निदान एक वर्ष हातीं असल्यावांचून मालवाहू गाडीचा शिकाऊ परवानाही मिळत नाहीं, आणि अशी गाडी चालविण्यास वीस वर्षें पुरीं असावीं लागतात. वैद्यकीय दाखला व वाहन-शाळेचें प्रमाणपत्रही लागतें. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ सालीं निघाली; म्हणून शाळा अर्धवट सोडावी असें मात्र नव्हे. कारण पुढें जें वाचावयाचें आहे, तें अडाण्याचें काम नाहीं.

तें म्हणजे करारपत्र. कंपनीनें दिलेलें शिक्षण फुकट नसतें. त्याची किंमत नोकरीच्या मुदतींत फेडावयाची असते. अमेरिकेंतील कित्येक मालवाहतूक कंपन्याही मुदतीपूर्वीं नोकरी सोडणाऱ्याकडून शिक्षणाचा खर्च परत मागतात. आपल्याकडे १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें करारभंगाबद्दल लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा होय; तिच्या आंत वाजवी भरपाई न्यायालय ठरवितें. परंतु सही पोकळ समजूं नये. एका बँकेच्या अधिकाऱ्यानें पत्करलेला तीन वर्षांचा व दोन लाख रुपयांचा बंध सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं ग्राह्य धरला आहे.

म्हणून सहीपूर्वीं चार प्रश्न विचारावे. शिक्षणाच्या काळांत जेवणखाण, निवास व विद्यावेतन कोण देणार? बंधन किती महिन्यांचें? नोकरीच्या प्रत्येक महिन्यागणिक फेडीची रक्कम कमी होते काय? रोज किती तास गाडी हांकावी लागेल? १९६१ सालींच कायद्यानें मोटार-कामगारांच्या दिवसास आठ तासांची मर्यादा घातली होती. झोपेवर बेतणारी कमाई ही कमाई नव्हे. आणि मूळ परवाना कोणाकडेही तारण म्हणून ठेवूं नये.

या प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळालीं, तर मुलास आशीर्वाद देऊन पाठवावें. तीं देण्यास जेथें टाळाटाळ होईल, तेथील फुकट शिक्षण फार महाग पडण्याचा संभव आहे.