विश्लेषण : ‘झपाटलेला ३’मध्ये एआयचा ‘लक्ष्या’? प्रेक्षकांना तो हवा आहे का?

‘झपाटलेला’ पाहिलेल्या कोणालाही तात्या विंचूची अडचण समजावून सांगावी लागत नाही. आत्मा बाहुल्यात अडकलेला, आणि सुटायचे तर ज्याच्यासमोर आपले गुपित पहिल्यांदा उघड केले त्याच्याच देहात शिरायचे. तो देह लक्ष्याचा. १९९३ साली तात्याला ते जमले नाही. आता हेच काम संगणक करणार, अशी चर्चा आहे. दिग्दर्शक महेश कोठारे यांनी २०२४ मध्ये ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाची घोषणा केली आणि दिवंगत लक्ष्मीकांत बेर्डे यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या मदतीने पडद्यावर आणण्याचा मनोदय सांगितला. त्यावर प्रेक्षकांचे दोन तट पडले. ‘लक्ष्या पुन्हा दिसणार’ म्हणून काही जण खूश आहेत, तर ‘गेलेल्या माणसाला आता तरी सोडा’ असे म्हणणारेही कमी नाहीत.

दुसऱ्या भागाबद्दल तक्रार काय होती?

या वादाचे मूळ ‘झपाटलेला २’मध्ये आहे. हा भाग जून २०१३ मध्ये, पहिल्या भागानंतर २० वर्षांनी आला. मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. लक्ष्याचा मुलगा आदित्य ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. सोबत सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर आणि मकरंद अनासपुरे होते. महेश कोठारे इन्स्पेक्टर महेश जाधव म्हणून परतले, रामदास पाध्ये यांचा बाहुलाही परतला.

तरीही या भागाचा विषय निघाला की चष्मा लावून बाहुला अंगावर आल्यासारखा कसा वाटला, याबद्दल लोक फार बोलत नाहीत. बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते : लक्ष्या नव्हता. बेर्डे यांचे निधन १६ डिसेंबर २००४ रोजी, म्हणजे दुसरा भाग येण्याच्या साडेआठ वर्षे आधी झाले होते. हे सगळ्यांना ठाऊक होते. तरीही ती जागा रिकामी आहे ही भावना तिकीट काढून आत बसल्यावरच आली, असे सांगणारे अनेक भेटतात.

ही तक्रार भाबडी वाटेल, पण ती तशी नाही. भयपटाच्या पुढच्या भागात भूत परत आणणे सोपे असते, कारण भूत मरत नाही. अवघड असते ते घाबरणाऱ्याला परत आणणे. आधी कोणीतरी नीट घाबरावे लागते, मग प्रेक्षक घाबरतो किंवा हसतो. ‘झपाटलेला’त ते काम बेर्डे करत होते. बाहुला हलला हे त्यांनी पाहायचे, ते दुसऱ्याला सांगायला जायचे, आणि नेमके तेव्हाच बाहुल्याने निर्जीव व्हायचे. या चित्रपटावर १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटाची छाया आहे, हे लपलेले नाही. पण तिथला चकी बाहुला एका लहान मुलाच्या मागे लागतो. इथे तो एका मोठ्या माणसाच्या मागे लागतो आणि त्या माणसावर गावात कोणी विश्वास ठेवत नाही. चित्रपट मराठी झाला तो या बदलामुळे. मूळ कल्पना कुठली, याला त्यापुढे फारसे महत्त्व उरत नाही.

परकायाप्रवेश नगरकरांना नवा नाही

अहिल्यानगर जिल्ह्यात (अनेकांच्या तोंडी अजून नगरच) या वादाला आणखी एक पदर आहे. मृत देहात दुसऱ्याचा जीव शिरतो, ही गोष्ट इथल्या अनेक घरांना सिनेमामुळे कळलेली नाही. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांचे स्थान आहे. होळी ते गुढीपाडव्याच्या काळात, विशेषतः रंगपंचमीला, तिथे मोठी यात्रा भरते. ज्या घरांत ‘नवनाथ भक्तिसार’चे पारायण होते, तिथे मच्छिंद्रनाथांनी त्रिविक्रम राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची कथा लहान मुलांनाही माहीत असते. ती वाचलेल्याला तात्या विंचूचा बेत लगेच कळतो.

नेवाशाची आख्यायिका तर याहून जवळची आहे. संत ज्ञानेश्वरांनी नेवाशात मृत सच्चिदानंदबाबांना उठवले आणि पुढे त्यांनीच ज्ञानेश्वरी लिहून घेतली, असे परंपरा सांगते. आख्यायिका म्हणून ती जशी आहे तशीच ठेवू. पण तिच्यात परत आलेला माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःचे काम करतो. एआयने परत आलेला नट काय करणार? त्याच्या तोंडी कोणते वाक्य घालायचे, त्याने कोणत्या विनोदावर हसायचे, हे सगळे दुसरेच कोणी ठरवणार.

(असे चित्रपट अंधश्रद्धा वाढवतात, हा आक्षेपही जुना आहे. ‘झपाटलेला २’ आला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. मात्र ज्या भुताला लोक हसतात, त्याच्या नावाने गंडा घालणे भोंदूला सोपे जात नाही. त्यामुळे तात्या विंचूवर हा आरोप करणे मला तरी पटत नाही.)

एआय नेमके काय करणार?

सर्वसाधारण पद्धत अशी असते. बेर्डे यांच्या बांध्याचा दुसरा नट प्रसंग प्रत्यक्ष करतो. जुन्या चित्रपटांतल्या त्यांच्या चेहऱ्याच्या हजारो चौकटी संगणकाला दाखवून शिकवल्या जातात आणि नंतर तो चेहरा त्या नटाच्या चेहऱ्यावर बसवला जातो. आवाजासाठीही हाच मार्ग : जुने संवाद गोळा करायचे, त्यातून आवाजाची नक्कल तयार करायची आणि नवे संवाद तिच्याकडून बोलून घ्यायचे.

अडचण जुन्या मालात आहे. १९८० आणि ९०च्या दशकातल्या मराठी चित्रपटांत संवादांच्या मागे पार्श्वसंगीत असते आणि प्रिंटही अनेकदा खराब असते. हे एक वेळ साफ करता येईल. खरी अडचण निराळी आहे. बेर्डे यांचा विनोद एकट्या चेहऱ्यात नव्हता. अडखळत मागे सरकणे, समोरच्याचे वाक्य संपण्याआधी अर्ध्या क्षणाची थांबणूक, घाबरल्यावर खांद्यातून येणारी थरथर, हे सगळे अंगातून यायचे. ते आता दुसऱ्या नटाच्या अंगातून येणार. म्हणजे टायमिंग एकाचे आणि तोंड दुसऱ्याचे. ते जमले तर श्रेय कोणाचे, आणि फसले तर नाव कोणाचे खराब होणार?

बाहुल्याचा हिशेब इथे साफ होता. तात्या विंचू झालेले दिलीप प्रभावळकर आणि बाहुला चालवणारे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये या दोघांची नावे प्रेक्षकांना ठाऊक होती.

इतर पुढच्या भागांत काय झाले?

असा प्रयोग पहिल्यांदा मराठीतच होतोय असे नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये ‘घोस्टबस्टर्स : आफ्टरलाइफ’ आला. त्या मालिकेतले एक मुख्य नट हॅरॉल्ड रॅमिस यांचे २०१४ मध्ये निधन झाले होते. त्यांना संगणकाने उभे करून चित्रपटाच्या शेवटी भूत म्हणूनच आणले गेले, आणि ते भूत एक शब्दही बोलत नाही. अनेक प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले, काहींना हा प्रकार मृताचा वापर वाटला. तरी पात्र मेलेले आहे हे कथेनेच मान्य केल्यामुळे रागाची धार बरीच कमी झाली.

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘एलियन : रॉम्युलस’ आला, तेव्हा प्रतिसाद इतका मवाळ नव्हता. २०२० मध्ये निधन झालेले इयन होम यांचा चेहरा एका यंत्रमानवाला दिला होता. कुटुंबाची परवानगी घेतली होती. तरीही चेहरा खोटा दिसतो, ओठ नीट हलत नाहीत, अशी टीका इतकी झाली की घरी पाहण्याच्या आवृत्तीसाठी ती दृश्ये पुन्हा दुरुस्त करावी लागली. या प्रेक्षकांची हरकत दोन प्रकारची होती. काहींना हे करणेच मान्य नव्हते, तर काहींची तक्रार एवढीच की करायचे तर नीट करा. लक्ष्याबाबतही हे दोन्ही सूर आहेत, आणि चर्चेत ते सारखे एकमेकांत मिसळतात.

दुसरा रस्ताही उपलब्ध असतो, आणि त्याचे उदाहरण नगरच्याच एका नटाशी जोडलेले आहे. सदाशिव अमरापूरकर यांची ‘सडक’मधली (१९९१) महाराणी आजही अंगावर काटा आणते. २०२० मध्ये ‘सडक २’ आला तेव्हा अमरापूरकर जाऊन सहा वर्षे होत आली होती. त्या चित्रपटाने महाराणी परत आणली नाही, नवा खलनायक उभा केला. चित्रपट लोकांना आवडला नाही ही गोष्ट वेगळी. पण मूळ महाराणी आहे तशी राहिली.

कायदा काय म्हणतो?

इथे मामला खरोखर अंधूक आहे. जिवंत कलाकारांना न्यायालये संरक्षण देत आहेत. अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, तर गायक अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाव, चेहरा आणि आवाजाच्या गैरवापराविरुद्ध दिलासा दिला. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही मुंबई उच्च न्यायालयाकडून असे संरक्षण मिळाले.

मृत कलाकाराचे काय? सुशांतसिंह राजपूत यांच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटाला त्यांच्या वडिलांनी आव्हान दिले, तेव्हा जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क त्या व्यक्तीबरोबर संपतो, तो वारशाने मिळत नाही. हा निकाल एआयच्या चेहऱ्याबद्दल नव्हता, पण त्याची सावली अशा प्रत्येक प्रकरणावर पडते. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये वेगळा रस्ता धरला. तिथे मृत कलाकाराची डिजिटल प्रतिकृती वापरायची तर वारसांची संमती लागते आणि हे संरक्षण मृत्यूनंतर ७० वर्षे टिकते. आपल्याकडे असा स्पष्ट कायदा नाही. त्यामुळे सगळे निर्मात्याच्या सभ्यतेवर आणि कुटुंबाशी होणाऱ्या बोलण्यावर येऊन ठेपते.

सभ्यतेचे एक उदाहरण आपल्याकडेही आहे. ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली आणि मानधनही दिले, असे त्यांनी स्वतःहून जाहीर केले. त्यावरही वाद झाला, पण काही लपवले असा आरोप कोणाला करता आला नाही.

प्रश्न सिनेमापुरता आहे का?

नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी नाशिकमध्ये शिवसेनेच्या (उद्धव ठाकरे) शिबिरात बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातले एआय भाषण ऐकवले गेले. समर्थकांनी टाळ्या वाजवल्या, विरोधकांनी टीका केली. बाळासाहेबांनी ती वाक्ये कधी उच्चारली नव्हती. लक्ष्याच्या तोंडी न बोललेला विनोद घालणे त्यापेक्षा निरुपद्रवी आहे, हे खरे. पण मृताच्या तोंडी नवे शब्द घालण्याची सवय आपल्याला लागते ती आधी आवडत्या माणसांपासूनच. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती एआयने बदललेल्या शेवटासह प्रदर्शित झाली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही उघड विरोध केला, आणि चित्रपट तरीही लागला. हे तर हयात लोक होते, बोलू शकत होते.

प्रेक्षकाने काय पाहावे?

‘झपाटलेला ३’ पडद्यावर येईल तेव्हा प्रेक्षकांनी तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. कुटुंबाची संमती होती का, आणि ती निर्मात्यांनी जाहीरपणे सांगितली का. लक्ष्या कथेत आठवण किंवा आत्मा म्हणून येतो, की काही झालेच नाही अशा थाटात जिवंत माणूस म्हणून वावरतो. आणि ज्याच्या अंगावर तो चेहरा बसवला, त्या नटाचे नाव श्रेयनामावलीत आहे की नाही. पहिल्या दोन गोष्टींवर बातम्यांमध्ये भरपूर लिहून येईल. तिसरी पाहायची तर नावे संपेपर्यंत खुर्चीत बसून राहावे लागेल, आणि आपल्याकडच्या थिएटरांत तोवर दिवे लागून दारे उघडलेली असतात.