वाऱ्यावरची भजी

एअर फ्रायर तळत नाही. एवढं एक वाक्य त्याच्या खोक्यावर ठळक छापलं असतं, तर बारामतीतल्या पुष्कळ ओट्यांवरची जागा मोकळी राहिली असती आणि मलाही हा लेख लिहावा लागला नसता.

तो भाजतो. वर तारेचं वेटोळं तापतं, त्याच्यावर पंखा फिरतो आणि गरम हवा जाळीच्या टोपलीतल्या जिन्नसाभोवती जोरानं घुमते. बेकरीवाल्याची भट्टी लहान केली, तिला पंखा लावला आणि मुठीचा खण दिला, की झाला एअर फ्रायर. फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात तो मांडला. तिकडे घरचं तळण म्हणजे मुख्यतः बटाट्याच्या लांब फोडी, त्याही पुष्कळदा फ्रीझरमधल्या पिशवीतल्या. या फोडी कारखान्यातच एकदा तेलातून काढलेल्या असतात. तेल पिऊन आलेला बटाटा गरम हवेत कुरकुरीत झाला, यात यंत्राचं कौतुक ते काय? दुकानातला डेमो देणारा पोरगा नेमकी तीच पिशवी फोडतो. चार फोडी कागदी बशीत घालून पुढं करतो आणि म्हणतो, ‘मावशी, बघा, एक थेंब तेल नाही!’ कांदाभजीचा डेमो देताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

देणारही नाही. भज्याचं पीठ सैल असतं. १७०-१८० अंशांच्या तेलात पडल्या पडल्या ते कड धरतं, आतलं पाणी वाफ होऊन बाहेर धावतं आणि भजं फुलतं. हवा तेवढीच तापवली तरी तेलाच्या वेगानं ती उष्णता देत नाही. पीठ कड धरायच्या आत जाळीच्या भोकांतून खाली गळतं आणि तिथंच करपतं. मग मोबाइलमधल्या ताई सांगतात, पीठ घट्ट भिजवा, वरून तेलाचा फवारा मारा. घट्ट भिजवलेल्या पिठाचे जे गोळे तयार होतात ते खायला वाईट नसतात, पण पावसात कुणाला भजी म्हणून देऊन बघा, पाहुणा पुन्हा येतो का. पुरी फुगली तर कडक होते, नाही फुगली तर वातड. चकली आकार धरते, रंगही येतो, दातांचं मात्र काही सांगता येत नाही. अनारशाचं तर नावच नको.

पापडाचा किस्सा आमच्याच घरातला. जावेनं मोठ्या उत्साहानं उडदाचा पापड टोपलीत ठेवला. पंख्याच्या वाऱ्यानं तो उचलला गेला आणि वरच्या लालबुंद वेटोळ्याला जाऊन चिकटला. घरभर जळका वास, जाऊ चिमट्यानं पापडाचे तुकडे खरवडतेय, आणि बाहेरच्या खोलीतून दिरांचा आवाज: ‘तेल तर नाही ना लागलं?’

हे दीर म्हणजे आमच्या भागातला एक नमुना आहे आणि माझा खरा राग यंत्रापेक्षा या नमुन्यावर आहे. वय पंचावन्न, पोट पुढं, साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, तळकट बंद करा, रोज चाला. चालणं डॉक्टरांकडेच राहिलं, तळकटावर उपाय म्हणून आठ हजारांचं यंत्र हप्त्यावर घरी आलं. म्हणजे पथ्य याचं आणि ते पाळायचं काम बायकोच्या ओट्यावर. वाढदिवसाला हेच यंत्र बायकोला ‘भेट’ देणारे महाभागही मी पाहिलेत. चुलीपुढं उभं राहण्यातून बाईची सुटका म्हणे! चार लिटरच्या टोपलीत एका वेळी आठ-दहा वडे बसतात. घरात सातआठ माणसं. पहिला घाणा निघेपर्यंत पंधरा मिनिटं, मध्येच उघडून वडे उलटायचे, मग दुसरा, मग तिसरा, मग आणखी. कढईवर पाऊण तासात आटपणारं काम दीड तास चालतं, आणि शेवटचा घाणा निघतो तेव्हा पहिल्याचे वडे गार झालेले असतात. ते पुन्हा गरम करायला टोपलीत.

आणि हे सगळं कुठं चाललंय? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी अशा कारखान्यांच्या धुराड्यांमध्ये. दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर मिळते. ती घरी आणताना गाडीची डिकी बंद होत नाही. मग चहा, लाडू, शिरा, आल्यागेल्याला पुन्हा चहा. भरीला बारामतीच्या एमआयडीसीत फेरेरोची चॉकलेटं बनतातच. साखरेच्या पोत्याशेजारी एअर फ्रायर ठेवून ‘आता आम्ही हेल्दी खातो’ म्हणणाऱ्या माणसाला मी काय सांगावं? दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याचं वजन महिन्यातून दोनदा होणाऱ्या भज्यांनी वाढत नसतं.

हिशेबच करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दोन हजार कॅलरींच्या आहाराला तेल-तूप साधारण २७ ग्रॅम धरलंय. चौघांच्या घराला महिन्याचं झालं सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. आमच्याकडे चौघांत पाच लिटरचा कॅन संपतो, पाहुणे आले तर तोही पुरत नाही. वरचं दीड लिटर जातं कुठं? महिन्यातून तीन वेळा तळण झालं आणि प्रत्येक तळणाला वाटीभर तेल पोटात गेलं असं धरलं, तरी अर्धा लिटर भरत नाही. बाकीचं सगळं रोजच्या फोडणीत, वांग्याच्या रश्श्यात, मटणाच्या तर्रीत आणि चपातीला लावताना जातं. तवंग आला नाही तर कालवण ‘पाणचट’ म्हणून ताट सरकवणारा हाच गडी. त्याच्या तर्रीला कुठलं यंत्र लावणार आहात?

पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५च्या ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला आणि तेल दहा टक्के कमी वापरा म्हणून आवाहन केलं. चांगलं केलं. पाच लिटरच्या कॅनमागं दहा टक्के म्हणजे अर्धा लिटर. त्याला यंत्र लागत नाही, लहान पळी लागते. भांड्यांच्या दुकानात ती शंभराच्या आत मिळते आणि तिला हप्ते पडत नाहीत.

तेल किती याचा एवढा घोर, पण कुठलं, हे कुणी विचारत नाही. माझं माहेर सुप्याकडचं, जिरायती. रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी असायच्या. काटे असे बोचरे की काढणीला बायका हातापायांना फडकी गुंडाळायच्या, आणि जनावर त्या ओळी ओलांडून ज्वारीत शिरायला धजत नसे. घाण्यावरून आलेलं करडईचं तेल चरवीत निथळत ठेवलेलं असे. ते जपून वापरायचे, कारण त्यामागं कुणाचे हात ओरबाडलेत हे घरातल्या सगळ्यांना माहीत असे. पुढं नीरेच्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस पसरला, जिथं कालवा नाही तिथं शेततळी आणि डाळिंबं आली, आणि करडई मागं पडली. शेजारच्या फलटणला निंबकरांच्या संस्थेनं बिनकाट्याच्या करडईचे वाणसुद्धा काढले. म्हणजे काट्याची सबबही उरली नव्हती. तरी आज आमच्या भागात करडईचं शेत दाखव म्हटलं तर गाडी काढून हिंडावं लागेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीनचं अर्जेंटिनाचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनचं. तिकडं युद्ध पेटलं की इकडं किराणावाल्याच्या फळ्यावरचा भाव बदलतो. आपलं तेल घालवून बसलेली माणसं आता बिनतेलाचं यंत्र घेऊन आरोग्य शोधतायत.

बाहेरच्या खाण्याबद्दल तर बोलूच नये. तळणाच्या तेलात पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचं, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०१८पासून लागू केलाय. कुठल्याही स्टँडाबाहेरच्या कढईत डोकावून बघा आणि तो नियम तिथं दिसतो का सांगा. घरी एअर फ्रायर बाळगणारा माणूस संध्याकाळी तिथंच उभा असतो, हातात वडापाव, वर दोन मिरच्या जास्त.

वस्तीवरच्या घरांत तर याहून गंमत. संध्याकाळी सगळ्यांच्या घरी एकदम दिवे, टीव्ही, मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि मिक्सर रडायला लागतो. तिथं हे चौदाशे-पंधराशे वॅटचं प्रकरण लावायचं. त्याच्या प्लगची पिन जाड, आणि ओट्यावरचं सॉकेट मिक्सरपुरतं. मग कुणीतरी बाजारातून तीस रुपयांचा अडॅप्टर आणतं. आमच्या एका नातेवाइकांकडचा अडॅप्टर आठवड्यात तपकिरी झाला, पंधरवड्यात मऊ पडला. यंत्र बिघडलं तर विचारू नका. बारामतीत मिक्सर, मोटार, ट्रॅक्टरचा सेल्फ, काहीही दुरुस्त करणारे हुशार हात आहेत. पण याचा सुटा भाग मिळत नाही, कंपनीचा माणूस ‘पुण्याला घेऊन या’ म्हणतो आणि पुण्याला नेण्याच्या खर्चात नवी कढई, झारा आणि पळी येते.

आता एवढं झोडपल्यावर जे खरं ते सांगायलाच हवं, कारण भट्टी म्हणून हे यंत्र गुणाचं आहे. शेंगदाणे भाजून बघा. आमच्याकडे दाण्याचा कूट पडत नाही अशी भाजी शोधावी लागते, आणि दाणे भाजायचे म्हणजे गॅसपुढं हलवत उभं राहायचं. फोन वाजला की करपले. यात १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा टोपली हलवायची, एकसारखे खमंग होतात. रताळी, मक्याची कणसं, सुरणाच्या फोडी उत्तम. भरताचं वांगं मऊ होतं, निखाऱ्याचा वास मात्र येत नाही. तो हवा असेल तर दोन मिनिटं जाळावर धरा.

आणि उजनीचा मासा. भिगवणहून चिलापी आणली, तिला चिरा पाडून हळद, मीठ, लसूण, लाल तिखट, लिंबू चोळून तासभर ठेवली, वरून चमचाभर तेल लावून टोपलीत घातली, की कातडी कुरकुरीत आणि आतलं मांस रसदार. तव्यावर ती चिकटते, फुटते, ओट्यावर तेल उडतं, दोन दिवस घराला वास राहतो. इथं यातलं काही होत नाही. भिगवणच्या हॉटेलातल्या फ्रायपेक्षा मला ही जास्त आवडली, हे मी हॉटेलवाल्यांच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

शिवाय आमच्या तालुक्यांत आता दोघंच उरलेली घरं खूप आहेत. मुलगा हिंजवडीला, मुलगी त्याहून लांब, आणि इकडं सत्तरीचे दोघे. त्यांच्या हातून कढई कलंडण्याची भीती असते, गॅस चालू राहून जाण्याचीही. वेळ लावली की आपोआप बंद होणारं हे यंत्र त्यांच्या घरात शोभतं. चार कोथिंबीर वड्या उकडून फ्रीजमध्ये ठेवल्या आणि लागतील तशा गरम केल्या, संध्याकाळ निभते. वीज फार तर अर्धा युनिट. आणि मुख्य म्हणजे कढईत तळणातलं उरलेलं तेल राहत नाही. आपल्याकडे ते टाकवत नाही. गाळून बरणीत भरायचं, मग आठवडाभर फोडणीला, पुन्हा तळणाला, काळं होईतो. ही सवय भज्यांपेक्षा वाईट आणि ती मोडायला यंत्राची मदत होत असेल तर मी टाळ्या वाजवीन. बटाटा मात्र यातही काळपट होऊ देऊ नका. पिठूळ पदार्थ कोरडा होऊन १२० अंशांच्या वर तापला की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. तो तेलात तापलाय की हवेत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

तर घ्यायचा असेल त्यानं खुशाल घ्यावा. दाणे भाजा, मासे भाजा, कालचा समोसा गरम करा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कढई चढवून ताज्या तेलात खरी भजी तळा. फक्त जाळीची ती टोपली तारेच्या घासणीनं घासायची नाही, तिचा थर निघतो. गरम पाण्यात भिजवून, मऊ कापडानं, कोपऱ्याकोपऱ्यातला चिकटा काढत बसावं लागतं, आणि त्याला चांगली दहा मिनिटं लागतात. ते काम घरात ज्याचं कोलेस्टेरॉल वाढलंय त्यानं करायचं.