रोहिणीचा तंटा आणि आपली शहरे

सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा होता, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले आहे. शाक्य आणि कोलिय दोघेही त्या नदीवर शेती भिजवीत. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून हाणामारी झाली व शाक्य संघाने युद्ध ठरविले. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा, ही सिद्धार्थाची सूचना संघाने फेटाळली. ही कथा आपल्या जिल्ह्याने आज पुन्हा वाचावी, असे आम्हांस वाटते.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसले आहे. माथ्याच्या उत्तरेस पडणारा पाऊस नळगंगेसारख्या नद्यांतून पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राकडे जातो. दक्षिणेकडचा पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा बंगालच्या उपसागरास मिळतो. उगमाजवळच्या गावाला वरून पाणी आणून देणारी नदी नसते. पडेल तेवढेच आपले. जमिनीखाली काळा पाषाण, त्यात पाणी मुरते ते भेगांपुरते. घाटाखाली पूर्णेकाठी खारपाणपट्टा. अशा भूमीत बुलढाण्याची भिस्त येळगावच्या धरणावर आणि खामगावची ज्ञानगंगा प्रकल्पावर. शहरांभोवतीच्या शेतांचे मात्र भूखंड पडतच आहेत.

शहरे वाढू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. शिक्षणासाठी, रोजगारासाठी आणि जातीचा जाच चुकविण्यासाठी आपली माणसे शहराकडेच आली. परंतु शहर पाणी घेते, तेव्हा ते कोणाच्या तरी वाट्यातून घेते. नागरी योजनांचा निकष माणशी दररोज १३५ लिटर आहे. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी तो ५५ लिटर ठरविला. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. म्हणजे १३५ पैकी १०८ लिटर. ते शुद्ध करून शेतीस परत देणे, हे शहराने फेडावयाचे ऋण आहे.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पाण्याचा स्रोत दाखविल्याखेरीज नव्या वसाहतीस परवानगी नसावी. शुद्ध केलेले सांडपाणी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचावे. आणि धरणाचे पाणी वाटताना सिद्धार्थाने सुचविलेली पाचांची बैठक भरावी : दोन शहराचे, दोन लाभक्षेत्रातील गावांचे आणि पाचवा त्या चौघांनी निवडलेला.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या पूर्वजांनी पाण्याचा हक्क बजावला. आपल्याच जिल्ह्यात खडकपूर्णेच्या जलाशयास संत चोखामेळ्याचे नाव आहे. पाणवठा नाकारल्या गेलेल्या समाजाचा तो संत. पाण्यापायी ज्यांनी मानखंडना सोसली, त्यांच्या वारसांनी शहरात येऊन दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी बेफिकिरीने सांडावे, हे शोभणारे नाही.

आरंभ आपल्या छपरापासून करता येईल. शंभर चौरस मीटर छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी एक हजार लिटर भरते. येत्या मृगापूर्वी विद्यालयाच्या छपरांना पन्हळी लागाव्यात, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.