वासाचा गुलाब

मराठी शिकवणाऱ्या माणसाने गुलाबावर लिहायला एक भाषिक आधार आहे. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. फारसीत ‘गुलाब’ हे मुळी फुलाचे नावच नव्हे, ते गुलाबपाण्याचे. आपण ते पाण्यावरून उचलून फुलाला दिले. म्हणजे आपल्याकडे या फुलाचे बारसे झाले तेच वासावरून! वर्गात मी हे वर्षानुवर्षे सांगत आलो. पण त्याचा अर्थ मला शिकवला तो आईने.

चार वर्षांपूर्वी काचबिंदूने आईची दृष्टी गेली. त्या हिवाळ्यात मी मोठ्या हौसेने लाल गुलाबाचे एक कलम आणले. फूल काय उमलले म्हणता! हातभर दांडा, मखमली पाकळ्या. पहिले फूल मी आईच्या हातात ठेवले. तिने पाकळ्या चाचपल्या, फूल नाकाशी नेले आणि विचारले, “अरे, हे कागदाचं आहे का?”

सौ. हसली. मला काही हसू येईना.

दोष फुलाचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. दांड्यावर एकच मोठे, टोकदार कळीचे फूल देणारे हे ‘हायब्रिड टी’ गुलाब. १८६७ सालचा फ्रान्समधला ‘ला फ्रान्स’ हा त्यांचा मूळपुरुष मानतात. पुढे फुलबाजारासाठी लांब दांड्याची, प्रवासात टिकणारी फुले निवडता निवडता पुष्कळ जातींतला वास मागेच राहिला. पण लाल रंग आणि घमघमाट एकत्र नांदवणारी घराणीही आहेत. जर्मनीत कोर्डेस यांनी १९३५ साली दिलेला ‘क्रिमसन ग्लोरी’, १९६३ चा फ्रेंच ‘पापा मेयाँ’ आणि १९६४ चा अमेरिकन ‘मिस्टर लिंकन’. यांतले शेवटचे दोघे देश वेगळे असूनही सख्खी भावंडे आहेत. दोघांचे आईबाप ‘क्रायस्लर इंपीरियल’ आणि ‘शार्ल मालेराँ’. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ‘पापा मेयाँ’ची तुलना एका बिनवासाच्या लाल गुलाबाशी केली, तेव्हा वास घडवणारे एक जनुक एकाच्या पाकळ्यांत जागे आणि दुसऱ्याच्या पाकळ्यांत जवळजवळ निजलेले आढळले. आमच्या आईचे निदान काही फार वेगळे नव्हते!

मी ‘पापा मेयाँ’ आणला. पहिल्या हिवाळ्यात दोनच फुले आली, पण आई ती उशाशी घेऊन निजली. पावसाळ्यात तर झाड असे फोफावले, की येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते दाखवू लागलो. शेवटी आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, “सर, तुम्ही खुंट वाढवताय. गुलाब केव्हाच वाळलाय.” डोळा भरलेल्या सांध्याच्या खालून रानटी फुटवे निघाले होते आणि मी त्यांनाच कौतुकाने खतपाणी घालत होतो. आईला सांगायला मला दोन दिवस लागले. ती एवढेच म्हणाली, “दुसरं लाव.”

दुसऱ्या खेपेला ‘मिस्टर लिंकन’ लावला, आणि यावेळी शिकून लावला. तुमच्यासाठी त्यातले मुद्द्याचे तेवढे सांगतो. कलम हिवाळ्यात, फुलावर असताना घ्या आणि सकाळी जाऊन स्वतः हुंगा. चिठ्ठीपेक्षा नाकावर भरवसा ठेवा. कुंडी बारा इंची तरी हवी. तीत पोयटा, भरपूर कुजलेले शेणखत, आणि तळाची भोके मोकळी. सहा तास ऊन हवेच. पाणी सकाळी, मुळाशी घालावे. पाने रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके आलेच म्हणून समजा. सांध्याखालचा फुटवा दिसला, की माती बाजूला सारून तो मुळापासून उपटावा. वरवर कापला तर तो पुन्हा येतो. आणि फूल हुंगायचे ते सकाळी, अर्धे उमललेले असताना. दुपारच्या उन्हात वास उडून जातो.

राहिली छाटणी. आपल्याकडे ती पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास करतात. वाळक्या, रोगट आणि एकमेकींत अडकलेल्या काड्या काढायच्या. चांगल्या काड्या बाहेर वळलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, धारदार कात्रीने तिरक्या कापायच्या. काळी पडलेली काडी असेल, तर आतला गर पांढरा लागेपर्यंत खाली यायचे आणि कापल्या जागी बोर्डो मलम लावायचे. त्यानंतर साधारण दीड महिन्याने फुले येतात.

यंदा मी कात्री घेऊन बसलो, तेव्हा झाडावर तीन कळ्या होत्या. मुलगी रुसली. “बाबा, लक्ष्मीपूजनाला घरचं एकही फूल नको का?” माझाही हात थांबला. आई ओसरीवरून म्हणाली, “काप रे. झेंडू आहेत की पूजेला.” मग तिने छाटलेल्या काड्यांवरून हलकेच बोट फिरवले. एका डोळ्याशी ते थांबले.

“किती दिवस म्हणालास?”

“दीड महिना.”

“म्हणजे मार्गशीर्षात,” ती म्हणाली. “तोवर आहे मी.”

तीन कळ्या मात्र आम्ही टाकल्या नाहीत. वाटीभर पाण्यात घालून त्या तिच्या उशाशी ठेवल्या आहेत.