पडवीतले बिऱ्हाड



एखादी खोली भाड्याने दिली की घरबसल्या चार पैसे मिळतात, असे आपल्याला वाटते. पण भाडेकरू आपल्याच पडवीत, विहीर एक, न्हाणीघर एक, म्हटल्यावर हिशेब निराळाच होतो. पूर्णगडच्या आमच्या घरी मी तो अनुभव घेतला आहे.

ओळखीतले म्हणून खोली दिली. कागद ना पत्र. "घरच्यासारखे राहतील गं," असे हे म्हणाले. चार महिन्यांत भाडे थकले, रात्री बारापर्यंत पडवीत मित्रांचा अड्डा बसू लागला. दहावीतली मुलगी न्हाणीघरात जाताना मला सोबतीला हाक मारू लागली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

सासूबाई म्हणाल्या, "रहाटाचा दोर काढून ठेव नि खोलीला कुलूप घाल. आपोआप जाईल." खोटे कशाला बोलू, मलाही ते पटले होते! नशीब, आधी रत्नागिरीला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "वहिनी, कुलूप घातलंत तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो ताबा परत मागेल. घर कोणाचं, हे त्या दाव्यात बघत नाहीत." १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात तसे कलमच आहे.

मग करायचे काय? महिन्याच्या भाड्याने ठेवलेल्याला १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. तरीही हलला नाही, तर कोर्टात दावा. शहरात भाडे नियंत्रण कायदा लागू असेल, तर नुसती नोटीस पुरत नाही, कायद्यात सांगितलेले कारणही दाखवावे लागते. तिथे पाणी-वीज तोडायलाही मनाई आहे. म्हणून आधी वकिलांना विचारा.

आणखी दोन गोष्टी. कोणत्या तारखेला काय घडले, भाडे कधीपासून थकले, ते वहीत लिहून ठेवा. नोटिशीची मुदत संपल्यानंतरचे भाडे वकिलांना विचारल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर नोटीस तुम्हीच मागे घेतली असे ठरू शकते. आणि बायामुलींना भीती वाटावी असे काही घडले, तर नोटिशीची वाट बघू नका. सरळ ११२ ला फोन करा.

आमची नोटीस पोचली आणि गणपतीच्या आधी खोली रिकामी झाली. थकलेले भाडे बुडाले ते बुडालेच. पण मुलगी पुन्हा पडवीत बसून अभ्यास करू लागली, माझे भाडे त्यातच वसूल झाले.

आता खोली द्यायची तर मुदत घातलेला 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार आधी, किल्ली मागाहून. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते आधी धरले जाते, खोडून काढायचे काम आपले!

पाऊस लागायच्या आधी आपण आगोट भरतो ना? तशीच भाडेकरू यायच्या आधी कागदाची बेगमी करा. भिडेपोटी ती राहिली, की चटके घरच्या बाईलाच बसतात.