एक बोट जास्तीचे

सतार शिकविणारे एक गृहस्थ गेल्या पंधरवड्यात तपासणीसाठी आले होते. वय ६७. उजव्या तर्जनीचा सांधा सकाळी आखडतो, पंधरा-वीस मिनिटांनी सुटतो. पण मिजराब चढवताना कळ येते. आखडलेपणा तासाहून अधिक टिकला तर संधिवाताच्या तपासण्या कराव्या लागतील, हे त्यांना सांगितले. शेक, औषध, रियाजाच्या वेळेची विभागणी यांविषयीही बोलणे झाले. उठता उठता त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, बोटे गेली तर माझे उरले काय?’’

या प्रश्नाला माझ्याकडे औषध नव्हते. मला आठवले ते पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल.

ब्रेंडेल यांचा जन्म १९३१ चा, मोराव्हियातला. सोळाव्या वर्षानंतर त्यांना नियमित गुरू असा लाभला नाही. स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून, ते ऐकून ते स्वतःला सुधारत गेले. १९४८ मध्ये ग्राझ येथे त्यांची पहिली जाहीर मैफल झाली, तेव्हा त्याच शहरात त्यांची चित्रेही मांडलेली होती! पुढे बेथोव्हेनच्या ३२ सोनाटा त्यांनी तीन वेळा समग्र ध्वनिमुद्रित केल्या. वादनाला बसताना ते बोटांच्या टोकांना चिकटपट्टी लावीत. बोटांची एवढी निगा राखणाऱ्या या कलावंताने लेखणीही तितक्याच निष्ठेने सांभाळली. त्यांचा संगीतविषयक निबंधांचा संग्रह १९७६ मध्ये निघाला, त्या वेळी वादनाची कारकीर्द ऐन भरात होती. पुढे ते कवितेकडे वळले. ‘वन फिंगर टू मेनी’ या संग्रहात एका पियानोवादकाला जास्तीची तर्जनी फुटते आणि तो तिने सभागृहात खोकणाऱ्या श्रोत्याकडे बोट दाखवतो. स्वतःच्या व्यवसायाकडे असे हसून पाहणे मला प्रकृतीचे लक्षण वाटते.

उतारवयात हात दुखू लागले, तेव्हा ‘हामरक्लाविअर’ सोनाटासारख्या अंगमेहनतीच्या रचना त्यांनी कार्यक्रमांतून वगळल्या. आपल्याकडे दुखणे लपवून वाजवीत राहण्याला निष्ठा म्हणतात. तिचे परिणाम मी दवाखान्यात पुष्कळ पाहिले आहेत. १८ डिसेंबर २००८ रोजी, ७७ व्या वर्षी, व्हिएन्ना येथे मोझार्टचा कॉन्चेर्टो वाजवून त्यांनी मैफलींचा निरोप घेतला. नंतर श्रवणशक्तीही ढासळली. संगीतकारावर याहून मोठा आघात कोणता? तरीही व्याख्याने आणि लेखन चालू राहिले. २०२५ च्या जूनमध्ये, ९४ व्या वर्षी, लंडन येथे ते निवर्तले.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, गुरुजींनी शिकविलेल्या गतींच्या टिपणांची एक वही ट्रंकेत पडून आहे. अक्षर त्यांचे त्यांनाच लागते, दुसऱ्या कोणास लागणार नाही. सोबत आलेल्या पत्नी लगेच म्हणाल्या, ‘‘दोन वह्या आहेत. एक मी वाळवीतून वाचविली.’’


पुढील तपासणी महिन्याने आहे. वह्या घेऊन या, असे मी सांगितले आहे.